पाइपातलं पहिलं पाणी

सदाफुलीचं नाव मला आठवलं नाही. गोष्ट एवढीच, आणि कुणाला सांगितली तर हसेल. नव्या कॉलनीतल्या एक बाई नर्सरीत आल्या होत्या, काळा गॉगल डोक्यावर चढवलेला, एका हातात मोबाइल, आणि दुसऱ्या हातानं दाखवत त्यांनी विचारलं, "हे कोणतं झाड?" मी तोंड उघडलं आणि तोंडात काही नव्हतं. झाड समोर उभं, गुलाबी पाकळ्या, मधोमध गडद ठिपका, रोजचंच. हे झाड मी मुद्दाम लावतसुद्धा नाही. हौदाच्या भेगेतून, कुंपणाच्या तारेखालून, फुटक्या कुंडीतून ते आपलं आपण उगवतं आणि आम्ही ते उपटून पिशवीत घालून विकतो. त्या क्षणी मला मोगऱ्याच्या सगळ्या जाती येत होत्या, कण्हेर येत होती, गुलबक्षी येत होती, आणि जिथं हे नाव असायला हवं तिथं नुसतीच जागा होती, दात पडल्यावर जिभेला लागते तशी. "हे ना," मी म्हणाले, "हे उन्हात चालतं." बाई एकदम खूश. नांदेडात मे महिन्यात झाडाबद्दल याहून जास्त कुणाला काय ऐकायचं असतं! पिशव्या गाडीत ठेवून त्या गेल्या आणि मी शेडनेटच्या हिरव्या उजेडात तशीच उभी राहिले. नाव आलं ते संध्याकाळी, घरी, तांदूळ धुताना, काही कारण नसताना. मी मोठ्यानं म्हणाले, "सदाफुली." बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय?" मी म्हणाले, "काही नाही."

काही नाही म्हणाले, आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले. आमच्या आईचं असंच सुरू झालं. उदगीरला, माहेरच्या स्वयंपाकघरात, कोथिंबिरीची जुडी हातात धरून ती वहिनीला म्हणाली, "अगं, ते दे ना, ज्याच्यावर बसून चिरतात ते." विळी हा शब्द तिला सापडला नाही. आम्ही सगळे हसलो आणि सगळ्यात जास्त मी हसले, कारण सुट्टीला आलेली लेक होते आणि हसणं हेच माझं काम होतं. आईही हसली. पुढं तिनं त्यावर युक्त्या काढल्या, हे मला फार उशिरा कळलं. कुणी पाहुणे आले की ती नाव घेत नसे, "या, या, किती वाळलात" म्हणायची. ते सगळ्यांनाच लागू पडायचं आणि सगळ्यांनाच आवडायचं. भाजीचं नाव न घेता "आज ते हिरवं करू" म्हणायची. हुशार होती माझी आई. विसरत होती त्याचं वाईट वाटतंच, पण ती लपवत होती, एकटीच, इतक्या माणसांत, ह्याचं जास्त वाटतं. शेजारी मडिवाळप्पांचं घर होतं, त्यांच्या बायकोशी कन्नडमध्ये बोलून बोलून आईला थोडी कन्नड यायची. शेवटी शेवटी मराठीतले शब्द एकेक गेले आणि ती कन्नड तेवढी मागं राहिली. एकदा ती "नीरू, नीरू" म्हणत होती आणि परभणीच्या माझ्या वहिनीला वाटलं, कुणा नीरूला हाका मारतायत. मी गेले तेव्हा कळलं, म्हातारीला पाणी हवं होतं. मी फुलपात्र तोंडाला लावलं. पाणी पिऊन तिनं माझ्याकडं बघितलं आणि फार प्रेमानं म्हणाली, "या, या, किती वाळलात." मग "हे उन्हात चालतं" म्हणणारी मी कुणाची मुलगी होते, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

पण सीझनमध्ये घाबरायलाही सवड लागते. आमची नर्सरी भोकरच्या रस्त्याला, शहर संपता संपता. एप्रिल लागला की तिथं लगीनघाईच असते. शेतकऱ्यांना मिरचीची, वांग्याची रोपं हवी असतात, शहरातल्यांना बाल्कनीत लावायला असं काहीतरी हवं असतं जे मरणार नाही, आणि ज्यांचं मेलेलं असतं ते आम्हाला जाब विचारायला येतात. छोटा हत्ती टेम्पो फाटकाशी लागलेला, फोन वाजतोय, बोअरला पाणी तोकडं, लाइट आली की मोटर, मोटर चालली की हौद. सगळं मी आणि केरबा दोघं ओढतो. केरबा माझ्याकडं पहिल्या दिवसापासून आहे. कामाला वाघ, पण दर गोष्टीवर त्याचं एक मत असतं आणि ते नव्वद टक्के चूक असतं. ह्या वर्षी तिसरं माणूस आलं, देविका, आमची नवी सून. श्रीनाथचं लग्न माघात झालं. श्रीनाथ बँकेत जातो, ही लातूरची मुलगी दिवसभर घरात काय करणार, तीच म्हणाली, "आई, मी येऊ का नर्सरीत? फोन तरी घेईन." मला आनंद झाला आणि थोडा धाकही वाटला, आपलं काम कुणीतरी जवळून बघणार म्हटलं की पदर सारखा करावासा वाटतो. ती ऑफिसच्या खोलीत टेबलाशी बसायची, ऑर्डरी घ्यायची, गोड बोलायची, भोकरचे शेषेराव तर रोपांची चौकशी करायला दिवसाआड फोन करायला लागले. मातीत हात घालायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. म्हणून तिला पाइपाचं कुणी सांगितलं नव्हतं.

पाइपाचं म्हणजे असं. हौदापासून शेडनेटपर्यंत काळा पाइप उन्हात पडलेला असतो, लांबच्या लांब, आणि त्यात आदल्या वेळचं पाणी राहतं. दुपारी ते पाणी असं तापतं की त्यात चहाची पूड टाकावी. कॉक उघडला की पहिलं येतं ते हेच. ते रोपावर गेलं तर रोप उकडतं. त्या घडीला दिसत नाही काही, पान ओलं होऊन उलट तजेलदार दिसतं, आणि सकाळी बघावं तर काळं. म्हणून ते पाणी आधी जमिनीवर सोडायचं, धारेखाली हात धरायचा, गार लागलं की मगच पुढं जायचं. नर्सरीवाल्याला हे सांगावं लागत नाही. मी कॉक उघडते आणि माझा हात आपोआप धारेखाली जातो. मला वाटायचं, मी झोपेतही असंच करीन.

त्या दिवशी केरबा नव्हता. बिलोलीला त्याच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. सदाफुलीच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट, त्यामुळं रात्रीची झोप नीट नव्हती, आणि जेवणाचा डबा खाल्ल्यावर मी ऑफिसमागच्या खोलीत कूलरसमोर जरा पाठ टेकली. जरा म्हणता म्हणता डोळा लागला. उठले तेव्हा तोंडाला कोरड होती आणि किती वाजले, सकाळ की संध्याकाळ, काही क्षण समजेना. दुपारच्या झोपेतून उठल्यावर सगळ्यांचंच असं होतं, पण त्या दिवशी मला तेही वेगळं वाटलं. दाराशी माझ्या चपला होत्या. पाय घातला तर ओल्या, गार, टाचेला चिखल. मी त्याचा काही विचार केला नाही. देविका टेबलाशी बसून फोनवर शेषेरावांना सांगत होती, "हो काका, रोपं एकदम छान आहेत." संध्याकाळी मिरचीच्या पुढच्या ट्रेंनी मान टाकलेली दिसली. दुपारी सगळीच रोपं मान टाकतात, त्यांची ती वामकुक्षी असते, ऊन उतरलं की परत उठतात. म्हटलं, उठतील.

ती उठली नाहीत. सकाळी बघितलं तर कॉकच्या बाजूचे ट्रे मेलेले, काळे, पानं कोकोपीटला, त्या नारळाच्या भुशाला, चिकटलेली. त्यापुढचे अर्धे मेलेले. आणि त्यापुढचे हिरवेगार, जणू त्यांचा या प्रकाराशी काही संबंध नाही. बिलोलीहून आलेला केरबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वैनी, ह्ये रोगाचं न्हाई. नजर लागली. त्या गॉगलवाल्या बाई आल्त्या ना, लई टकामका बघून राहिल्या व्हत्या." मी हो ला हो केलं. मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. रोग असा ओळीत येत नाही. जवळच्यांना सगळ्यात जास्त, लांबच्यांना काही नाही, हा गरम पाण्याचा हात होता, पुढं पुढं गार होत गेलेला. पाइप कुणीतरी दुपारी उघडला होता आणि पहिलं पाणी रोपांवर धरलं होतं. पाइपाला हात लावणारे आम्ही दोघंच. केरबा बिलोलीला पंगतीत बसला होता. आणि ओल्या चपला माझ्या होत्या. एवढा साधा हिशोब आयुष्यात कधी आला नव्हता. मी मेलेल्या ट्रेसमोर उभी होते आणि मला आठवायला लागलं. हे सगळ्यात भयंकर. मला दिसायला लागलं की मी झोपेतून उठलेय, उन्हात चालत गेलेय, कॉक फिरवलाय, पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलंय. दर तासाला त्यात एक एक गोष्ट वाढत गेली. दुपारपर्यंत तर मला त्या पाण्याचा वाससुद्धा आठवला, तापलेल्या रबराचा. हे खरं आठवतंय की मी बसल्या बसल्या रचतेय, हे कुणाला विचारणार? विचारायचं म्हणजे सांगायचं आलं.

मग मी लपवायला लागले. सकाळी हे, म्हणजे रेणुकादास, माझे यजमान, शब्दकोडं सोडवतात. मास्तरकी संपली तरी परीक्षा घ्यायची हौस संपलेली नाही. पेपर उघडून बाहेरच्या खोलीतून विचारतात, "तीन अक्षरी, आडवा, नावेचं साधन, सुरुवात व," आणि मी कणीक मळता मळता "वल्हव... नाही, वल्हे, दोनच झाली, बघा तुम्हीच" असं काहीतरी फेकते. वर्षानुवर्षं हेच आमचं बोलणं, दुसरं काही विशेष बोलत नाही आम्ही. त्या आठवड्यात त्यांनी तोंड उघडलं की मी मिक्सर लावायची. एकदा तर भांड्यात काही नव्हतं, रिकामाच फिरवला. हे बिचारे पेपर खाली करून वाट बघायचे आणि आवाज थांबेपर्यंत स्वतःच शब्द लिहून टाकायचे. नर्सरीत मी ओळीनं चालत मनात नावं घ्यायची. जास्वंद, तगर, अबोली, मधुमालती. आलं नाव की एक पाऊल पुढं. कुणी हाक मारली की दचकायची. सदाफुलीजवळ आले की मात्र मान फिरवून पुढं जायची, जसं सावकाराच्या घरावरून जातात. आणि देविकाशी मी बोलेनाशी झाले. खरं सांगते, राग नव्हता. तिच्याकडं बघितलं की मला माझी वहिनी दिसायची, आईच्या खोलीतून चादरी घेऊन बाहेर येणारी, चांगलं माणूस, पण ओठ मिटलेले. हिचे हात बघायची, मेंदीचा रंग अजून नखांवर होता, आणि मनात यायचं, हिच्या पदरात काय घालून ठेवलंय मी. तिनं चहा आणला की "ठेव" एवढंच म्हणायची. ती ठेवायची. जरा थांबायची. जायची. फोनवरचा तिचा गोड आवाजही उतरला होता, आणि मी समजले की हिला कळलंय, ही मला बघतेय, सासूचं काहीतरी बिघडलंय हे घरात सगळ्यात आधी सुनेलाच कळतं.

रविवारी श्रीनाथ घरी असतो. रविवारी जेवताना सांगायचं ठरवलं. सीझन संपला की नर्सरी बंद, किंवा केरबानं चालवावी. श्रीनाथ केव्हाचा मागं लागलाच होता, "आई, आता पुरे, उन्हात किती मरशील?" त्याला कारण सांगायची गरजही पडली नसती. वाक्य मी पाठ केलं होतं: "मला आता होत नाही." ते म्हणून बघताना माझ्या लक्षात आलं की आईच्या युक्तीसारखंच हेही वाक्य सगळीकडं चालतं. आणि तेव्हा मला रडू आलं, मोगऱ्याच्या पिशव्यांमध्ये उकिडवी बसून, तण काढण्याचं सोंग करत. ही जागा मी उभी केली होती. इथं नुसती काटेरी बाभळ होती. लोक म्हणाले होते, मास्तरांची बायको झाडं विकणार. मला हात मातीत घातल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, आणि माझ्या हातांनीच मी रोपं उकडून मारली होती.

शनिवारी ऊन उतरायच्या वेळी मी केरबाला हाक मारली. देविका ऑफिसच्या उंबऱ्यावर बसून पिशव्यांत माती भरायला शिकत होती. मी तिच्याकडं न बघता केरबाला म्हणाले, "केरबा, उद्यापासून पाइप तू एकट्यानंच धरायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

केरबा म्हणाला, "बरं," आणि पुढं काही म्हणणार तोच मागून आवाज आला.

"आई, सरळ मलाच बोला ना."

मी वळून बघितलं. देविका उभी राहिली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात नव्हता.

"काय बोलू?" मी म्हणाले. मला खरंच कळेना.

"केरबाकाकांना कशाला सांगता, मला ऐकू जावं म्हणून? पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोलत नाही, चहा घेत नाही माझ्या हातचा, बघतसुद्धा नाही. रागवा ना एकदाच. ट्रे मीच मारले."

मी म्हणाले, "काय?"

"मीच पाणी घातलं. तुम्ही झोपला होता. मी बाहेर आले तर सगळ्या माना टाकून पडलेली. मला वाटलं, मरतायत, तहान लागलीय त्यांना. तुम्हाला उठवावं म्हटलं तर तुम्ही इतक्या दमल्या होता. मग मीच पाइप लावला. तुम्ही रोज आधी पाणी जमिनीवर सोडता ना, मला ते..."

"काय ते?"

"मला बघवत नाही, आई. लातूरला आम्ही तांदूळ धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायचो आणि तेच पाणी संडासात टाकायचो. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. मुंजीला गेलं तरी पेल्यात पाणी उरवलं की पप्पा डोळे वटारायचे. तुम्ही भळाभळा सोडता, मी रोज टेबलावरून बघते, बोलायची माझी काय टाप? म्हटलं आज मी थेंब वाया जाऊ देणार नाही. पहिल्या थेंबापासून झाडांना दिलं." हुंदका आला तिला. "पाइप हाताला गरम लागला. मला वाटलं, वरून तापलाय."

कूलरचा आवाज, रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज, सगळं एकदम ऐकू यायला लागलं, जसं कुणीतरी कानातला कापूस काढला. मी विचारलं, "आणि चपला?"

"कोणत्या चपला?"

"माझ्या ओल्या होत्या."

"तुमच्याच घातल्या होत्या. माझ्या सँडलला हिल आहे, चिखलात रुतते." मग घाबरून, "खराब झाल्या का?"

मी कोकोपीटच्या गोणीवर बसले. मेंदीच्या नखांत माती घेऊन एक मुलगी माझ्यासमोर उभी होती आणि तिनं शेषेरावांची मिरची मारली होती, आणि मला असं वाटत होतं की हिची दृष्ट काढावी. "परत सांग," मी म्हणाले, "पाइप कुणी उघडला?" "मी." "मी झोपले होते?" "घोरत होता," ती म्हणाली आणि जीभ चावली. मग मला हसू आलं. आधी तोंडातल्या तोंडात, मग असं की पदर तोंडाला लावला तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. मी घोरत होते! तो तापलेल्या रबराचा वास, तो अंगठा, ते उन्हातलं चालणं, सगळं मी रचलं होतं, इतक्या बारकाईनं, इतक्या कष्टानं, आणि त्या वेळी मी कूलरसमोर तोंड उघडं टाकून घोरत होते. ते माझं नव्हतंच. जे झालं नव्हतं ते मला आठवलं, ह्यात हसण्यासारखं नक्की काय आहे ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण त्या संध्याकाळी त्याच्याएवढी चांगली बातमी जगात नव्हती.

केरबानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा देविकाकडं. "वैनी, मिरची गेली अन् तुम्ही हासून राहिल्या?" तो म्हणाला, "नजरच हाय ही. म्या म्हन्लं न्हवतं?"

मी देविकाला जवळ बसवलं. गोणी एकीला पुरते, दोघी कशाबशा टेकलो. तिचे हात तसेच मातीचे, ती ते माझ्या लुगड्यापासून लांब धरून बसली होती, मीच ओढून मांडीवर घेतले. मग मी तिला सगळं सांगितलं. गॉगलवाली बाई, आई, विळी, मिक्सर, सगळं. रविवारचं पाठ केलेलं वाक्यही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की आता हिचा चेहरा बदलेल, ओठ मिटतील. ती ऐकता ऐकता भुवया वर करून म्हणाली, "थांबा, थांबा. 'हे उन्हात चालतं' हे तुम्ही नाव आठवलं नाही म्हणून म्हणालात?"

"हो."

"अहो आई, मी त्या दिवशी दारातून ऐकलं आणि म्हटलं, काय भारी बोलतात या! तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगतेय. मला अर्धी नावं येतच नाहीत. काल एकांना शेवंतीबद्दल सांगितलं, उन्हात चालतं म्हणून. चालते का?"

"शेवंती? मे महिन्यात?" मी कपाळावर हात मारला. "मरेल दोन दिवसांत. फोन नंबर आहे का त्यांचा?"

"आहे."

"मग लाव आधी. सावलीत ठेवा म्हणावं."

तिनं मातीच्याच बोटांनी फोन लावला, आणि मी ऐकत बसले. समोर हौदाची भेग होती आणि भेगेत ते झाड, गुलाबी, आपलं आपण आलेलं. मी मनात म्हणाले, सदाफुली. आली. उद्या न येवो कदाचित. साठी उलटलीय, एखादं नाव एखाद्या दिवशी रुसणार, आणि पुढं कधी आईसारखं खरंच झालं तर होईल, ते काही ह्या मिरचीनं टळलेलं नाही. पण त्या दिवशी मी कुणालाही "काही नाही" म्हणणार नाही, एवढं मला त्या गोणीवर कळलं. आईला असं बसायला कुणी मिळालं असतं तर. ती तर विळीच्या दिवशी हसणाऱ्यांच्या मधोमध बसली होती, आणि सगळ्यात मोठ्यानं हसणारी मी तिच्या अगदी शेजारी होते.

ऊन कुंपणापलीकडं गेलं तसा केरबानं पाइप उचलला. मी म्हटलं, "दे इकडं." तो म्हणाला, "आत्ताच तर म्हन्ल्या, कुनी हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, "म्हटलं असेल. विसरले." हे इतक्या सहज तोंडातून गेलं की देविका फोन ठेवता ठेवता फिसकन हसली. मी तिला पाइपाचं सगळं सांगितलं, रोपांच्या वामकुक्षीचं सांगितलं, उन्हातल्या पाण्याचं सांगितलं. तिनं मान हलवली, पण कॉककडं हात नेला तशी म्हणाली, "एक मिनिट," आणि पळत जाऊन बादली घेऊन आली. मागोमाग ट्रे धुवायचं घमेलंही ओढत आणलं. "गरम पाणी ना? मग ट्रे ह्यातच धुऊ. जमिनीवर नको." इतकी वर्षं मी ते पाणी मातीत सोडत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, केरबाच्याही नाही, नाहीतर त्यानं ते स्वतःचं मत म्हणून सांगितलं असतं. आताही तो म्हणालाच, "आन् उरलं तर म्या आंघोळ करतो. गिजर कशाला पायजे मानसाला?"

मी कॉक उघडला. पाइप फुसफुसला, थरथरला, आणि बादलीत धार पडली. देविकानं हात धरला आणि "आई गं" म्हणून झटकला.

"आता?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"कढत आहे अजून." बादली भरली, तिनं पायानं घमेलं पुढं सरकवलं. एक थेंब बाहेर पडू दिला नाही.

"आता?"

"कोमट."

"आता?"

तिनं हात धारेखाली तसाच ठेवला, उलटा केला, सुलटा केला. मला सवयीनं माझा हात पुढं करावासा वाटला. मी तो पदरात गुंडाळून ठेवला.

"गार," ती म्हणाली. "तुम्ही बघा ना एकदा."

"मी कशाला? तू म्हणतेस ना गार, मग गार."

तिनं पाइप घेतला. चिखलाकडं बघितलं, स्वतःच्या सँडलकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चपला काढून दिल्या. त्या तिला थोड्या मोठ्या होतात, फटफट आवाज करत ती मिरचीकडं गेली आणि मी तापल्या मातीवर अनवाणी, एकदा हा पाय उचलत, एकदा तो, बघत उभी राहिले. सकाळी कोडं आलं की मिक्सर लावायचा नाही, असं मनाशी म्हणत होते. अंधार पडता पडता तिनं चपला आणून दाराशी ठेवल्या. पाय घातला तर ओल्या, गार, टाचेला चिखल. त्या कुणी ओल्या केल्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.